चौथा रकाना

जुन्या मराठी पुस्तकांच्या अखेरीस एक पान असे. वाचक तें सहसा वाचीत नसे आणि ग्रंथकर्ता तें छापतांना मनांतून ओशाळलेला असे. त्या पानाचें नांव शुद्धिपत्र. त्याला चार रकाने असत: पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध. इतका आटोपशीर आणि इतका निष्कपट वाङ्मयप्रकार मराठींत दुसरा असेलसें आम्हांस वाटत नाहीं. त्यांत मुद्रकाला शिव्या नसत, ग्रंथकर्त्याचा विलाप नसे, खिळे जुळविणारा त्या दिवशीं तापानें फणफणला होता अशी सबबही नसे. चुकी कोठें आहे, काय आहे आणि तिच्या जागीं काय पाहिजे होतें, एवढें सांगून तें पान गप्प बसे.

या पानाची आठवण आम्हांस अलीकडे वरचेवर होते, आणि तिला कारण आमचा एक छंद आहे. पन्नाशी उलटलेल्या प्रोफेसराला एखादा छंद असावा यांत कोणास वावगें वाटत नाहीं. आमच्या भिंगारांत कोणी गुलाबाचीं कलमें बांधतो, कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी दररोज पहांटे छावणीच्या रस्त्यानें किल्ल्यापर्यंत चालत जातो व वाटेंत भेटेल त्याला आपल्या रक्तदाबाचे आंकडे सांगतो. आमचा छंद मात्र ऐकणाऱ्यास दोनदां सांगावा लागतो. कॉलेजांत इतिहास शिकवून उरलेल्या वेळांत आम्ही मुक्त सॉफ्टवेअरमधील दोष हुडकतों आणि ते त्याच्या कर्त्यांस कळवितों.

ज्याची मूळ संहिता कोणासही वाचतां येते, बदलतां येते आणि पुढें वांटतां येते, तें मुक्त सॉफ्टवेअर. इंग्रजींत त्याला ओपन सोर्स म्हणतात. जगाच्या पाठीवर ठिकठिकाणीं बसलेले लोक मिळून तें रचतात. त्यांतल्या कांहींना पगार असतो, पुष्कळांना नसतो. नवी आवृत्ति सर्वांच्या हातीं जाण्यापूर्वीं ती आमच्यासारख्या हौशी परीक्षकांसाठीं खुली ठेवतात. आम्ही ती रोजच्या कामाला जुंपावयाची, ती कोठें अडखळते तें पाहावयाचें, आणि सर्वांस वाचतां येईल अशा एका नोंदवहींत तें नमूद करावयाचें. बगझिला नांवाची अशी नोंदवही मोझिला प्रकल्पानें १९९८ सालीं खुली केली, आणि आज कितीएक प्रकल्प तीच वापरतात.

या दोषांना त्या लोकांत बग म्हणण्याची चाल आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांतील मार्क टू या गणनयंत्राच्या एका रिलेंत एक पतंग अडकलेला सांपडला. तेथल्या लोकांनीं तो नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीनें डकवून ठेवला, आणि ती वही पुढें अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत गेली. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसननें १८७८ सालच्या एका पत्रांत तो यंत्रांतील खोड या अर्थानें वापरलेला आहे. आम्हांस विचाराल तर पतंगापेक्षां कोशांतला साधा अर्थ, म्हणजे ढेकूण, हाच येथें अधिक शोभतो. ढेकूण पाहुण्याला रात्रभर फोडून काढतो. पाहुणा सकाळीं भीत भीत ही गोष्ट काढतो. यजमान दिवा घेऊन येतो, गादी उलटी करतो, उशीचे कोपरे चाचपतो, आणि ढेकूण कोठेंच नसतो. मग यजमान पाहुण्याकडे ज्या नजरेनें पाहतो तिच्यांत "आपण आपल्या बिछान्यांतून तर आणला नाहीं ना?" हा प्रश्न स्पष्ट वाचतां येतो. दोष कळविण्याची सारी विद्या एका वाक्यांत सांगावयाची तर ती एवढीच कीं, ढेकूण यजमानाच्या घरीं, यजमानाच्या दिव्याच्या उजेडांत, यजमानाच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. यजमान हजारों मैलांवर असतो, त्यानें आपलें घर पाहिलेलें नसतें, आणि आपल्या हातीं केवळ शब्द असतात. येथें त्या जुन्या पानाचे चार रकाने उपयोगी पडतात.

पहिले दोन रकाने पृष्ठ आणि ओळ यांचे. यांचें महत्त्व आम्हांस आमच्या शेजाऱ्यांनीं शिकविलें. भिंगारला लागून सैन्याच्या रणगाडा-दळाचें केंद्र व शाळा आहे, आणि आमचे शेजारी त्याच दळांतून निवृत्त झालेले रिसालदार. उभी हयात त्यांनीं रणगाड्यांच्या इंजिनांशीं काढली. आमचा छंद ज्यांना एकदांच सांगावा लागला असे गांवांत ते एकटेच. ते म्हणाले, "सर, गाडी आवाज करते असं सांगणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही माघारी धाडायचो. कितव्या गिअरला? चढाला कीं सपाटीला? इंजिन थंड असतांना कीं दोन तास चालल्यावर? एवढं सांगितलं कीं निम्मं काम झालं. आणि आवाज केव्हां येत नाहीं हें सांगणारा ड्रायव्हर भेटला, तर मेकॅनिकनं त्याला चहा पाजावा."

रिसालदारांचें हें शेवटचें वाक्य आम्ही मनांत कोरून ठेवलें आहे. दोष केव्हां घडतो हें सांगणारे पुष्कळ. केव्हां घडत नाहीं हें पाहावयास सहसा कोणी थांबत नाहीं. टंक बदलला तरी घडतो काय? दुसऱ्या संगणकावर घडतो काय? तीनशें पानांच्या ग्रंथांत घडतो तो तीन शब्दांच्या कोऱ्या पानावरही घडतो काय? असें एक एक पटल काढीत गेलें कीं शेवटीं हातीं इतकें थोडें उरतें कीं पाहणाऱ्याचा डोळा दुसरीकडे जाऊंच शकत नाहीं. दोष जुन्या आवृत्तींत नव्हता आणि नव्या आवृत्तींत आला असेल, तर आणखी एक युक्ति आहे. मोल्सवर्थच्या कोशांत शब्द शोधतांना आपण पहिल्या पानापासून आरंभ करीत नाहीं. मधोमध उघडतों, शब्द अलीकडे कीं पलीकडे तें पाहतों, आणि उरलेल्या निम्म्याचेंही तसेंच करतों. दोन आवृत्तींच्या दरम्यान हजार फेरफार झाले असले तरी या रीतीनें सुमारें दहा वेळां तपासून नेमका घातकी फेरफार हातीं लागतो. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं सुरू केलेल्या गिट या साधनांत ही सोय आयतीच आहे. हें काम करावयास प्रतिभा लागत नाहीं. एक मोकळी संध्याकाळ आणि थोडी चिकाटी पुरते.

तिसरा रकाना अशुद्धाचा. म्हणजे प्रत्यक्ष काय दिसलें याचा. आम्हां इतिहासाच्या लोकांस बखर आणि अस्सल कागद यांतील भेद वि. का. राजवाडे यांनीं कायमचा शिकवून ठेवला आहे. १८९८ सालीं त्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघाला, आणि बखरींत वाचलेल्या कितीएक गोष्टी मूळ पत्रांपुढें उभ्या करून पाहण्याची संवय महाराष्ट्राला लागली. बखर मागाहून लिहिलेली, आठवणीनें लिहिलेली, आणि मुख्य म्हणजे कारणें आधींच ठरवून लिहिलेली. पत्र त्या दिवशींचें, त्या ठिकाणचें, आणि पुढें काय होणार हें ठाऊक नसलेल्या माणसाचें. दोषांच्या नोंदवहींतही बखरी पुष्कळ येतात. "नवी आवृत्ति आल्यापासून मराठीचा सत्यानाश झाला असून कर्त्यांचें आमच्या भाषेकडे मुळींच लक्ष नाहीं" ही एक बखर. तींत स्थळ नाहीं, काळ नाहीं, आवृत्तीचा क्रमांक नाहीं. निकाल तेवढा आहे. "शोधा या कळीवर टिचकी मारली, शब्द सांपडला नाहीं असा संदेश आला, शब्द पडद्यावर तिसऱ्या ओळींत होता" हें पत्र. पहिलें वाचून कर्त्याला राग येईल किंवा वाईट वाटेल. दुसरें वाचून त्याला काम सुरू करतां येईल. आपला तर्क सांगूंच नये असें नाहीं. तो शेवटीं सांगावा, आणि तर्क म्हणूनच सांगावा. तसेंच एका नोंदींत एकच दोष असावा. पांच दोषांची मोट बांधली कीं चार सुटले तरी नोंद मिटत नाहीं आणि पांचवा कोणता हें कोणास आठवत नाहीं. आणि लिहिण्यापूर्वीं जुनी वही चाळावी. तोच दोष कोणीं आधींच नोंदविला असेल तर त्याखालीं नुसतें "मलाही" असें लिहून गर्दी करण्यापेक्षां, आपल्याकडे तो कोणत्या निराळ्या परिस्थितींत घडला तेवढें जोडावें.

येथवरचे तीन रकाने कोणीही भरावे. ते जपानांतल्या माणसाला भरतां येतात आणि ब्राझीलमधल्यालाही. चौथ्या रकान्याची गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगण्याकरितांच हा लेख लिहावयास घेतला. आमच्याकडचें एक प्रकरण पुढें ठेवतों.

निजामशाहीवर आम्ही कांहीं वर्षें टिपणें करीत आहों. त्या शाहीची राजधानी म्हणजे अहमद निजामशहानें १४९४ सालीं भिंगारशेजारीं वसविलेलें अहमदनगर; २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. या घराण्यांत बुऱ्हाण नांवाचे एकाहून अधिक सुलतान झाले. पहिला १५५३ सालीं वारला. दुसरा १५९१ पासून १५९५ पर्यंत गादीवर होता. शिवाय आमच्या जवळच बुऱ्हाणनगर हें गांव आहे. तेव्हां हा शब्द टिपणांत पानोपानीं. एके दिवशीं एका मुक्त लेखन-सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति तपासतांना आम्ही तीं टिपणें तींत उघडलीं आणि यंत्राला बुऱ्हाण शोधावयास सांगितलें. अर्ध्या प्रकरणांत बुऱ्हाण सांपडला. उरलेल्या अर्ध्यांत, डोळ्यांसमोर धडधडीत दिसत असतां, असा कोणी सुलतान झालाच नाहीं असें यंत्रानें सांगितलें.

याचें कारण असें. संगणकाला अक्षराचें रूप दिसत नाहीं, त्याला क्रमांक दिसतात. जगांतल्या लिपींना क्रमांक देणारी युनिकोड नांवाची व्यवस्था १९९१ पासून आहे. तींत ऱ्ह हें जोडाक्षर दोन प्रकारांनीं लिहितां येतें. एका प्रकारांत नेहमींचा र, मग हलन्ताचें चिन्ह आणि त्यापुढें एक अदृश्य सांधा. दुसऱ्या प्रकारांत ऱ हें खालीं टिंब असलेलें निराळेंच अक्षर आणि हलन्त. कागदावर दोहोंची आकृति एकच. यंत्राच्या लेखीं ते दोन परके शब्द. कांहीं प्रकरणें आम्हीं घरच्या कळफलकानें लिहिलीं होतीं आणि कांहीं बाजारांतल्या टंकलेखकाकडून करवून घेतलीं होतीं, म्हणून बुऱ्हाणाचे असे दोन वंश झाले.

आम्हीं टिपणें बाजूला ठेवलीं, कोऱ्या पानावर तोच शब्द दोन ओळींत दोन प्रकारांनीं लिहिला आणि वहींत अकरा ओळींची नोंद केली: पहिली ओळ या क्रमांकांनीं लिहा, दुसरी त्या, दोन्ही सारख्या दिसतील, आतां पहिल्या ओळींतला शब्द शोधा, दोन सांपडावयास पाहिजेत, एकच सांपडतो. खालीं आवृत्तीचा क्रमांक दिला, आणि तीन टंक व दोन संगणक यांवर हेंच घडतें असें जोडलें. तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें. लिहिणाऱ्या गृहस्थांना देवनागरीचें एकही अक्षर येत नव्हतें, तरी त्यांना त्यांच्या घरीं ढेकूण दिसला होता. त्यांनीं लागलीच उपायही सुचविला: शोध घेतांना तो अदृश्य सांधा आणि तें खालचें टिंब, दोन्ही सोडून द्यावीं, म्हणजे सर्व प्रकार सारखे होतील. या दोन चिन्हांनीं अर्थांत कांहीं भेद होतो काय, एवढें तेवढें आपण सांगावें.

उपाय सुटसुटीत होता, आणि त्यानें बुऱ्हाण खास सांपडला असता. परंतु सांधा आणि टिंब काढून टाकलीं कीं ऱ्य चा र्य होतो. मग आचाऱ्यांना आणि आचार्यांना हे दोन शब्द यंत्राला एक. कॉलेजच्या समारंभांत आचार्यांना व्यासपीठावर बसवावयाचें असतें आणि आचाऱ्यांना स्वयंपाकघर दाखवावयाचें असतें. अदलाबदल झाली तर भाषणही बिघडेल आणि बासुंदीही. दर्या एक आणि त्यांत पाणी. दऱ्या अनेक आणि बहुधा कोरड्या. आम्हीं त्या गृहस्थांस हे शब्द अर्थांसह लिहून पाठविले व कळविलें कीं, ऱ्य चे दोन्ही प्रकार एक मानावे, पण र्य त्यांत मिसळूं नये. पुढच्या तपासणीसाठीं हे चार शब्द जवळ ठेवावे. त्यांनीं आभार मानले आणि तीं उदाहरणें आपल्या चाचण्यांत घातलीं. सुमारें आठ महिन्यांनीं दुरुस्ती झालेली आवृत्ति आली. आम्हीं ती तपासली आणि नोंदीखालीं "पाहिलें, ठीक आहे" असें लिहिलें. कारण चुकी कळविणाऱ्यानें ती मिटल्याचेंही कळवावें, नाहींतर वही उघडी राहते.

हाच चौथा रकाना. काय असावयास पाहिजे हें दूरच्या कर्त्याला कितीही बुद्धि असली तरी आपण सांगितल्यावांचून कळत नाहीं. अशुद्ध त्याला डोळ्यांनीं दिसूं शकतें. शुद्ध काय हें ज्याची भाषा त्यालाच ठाऊक. तो रकाना आपण रिकामा ठेवला तर तो रिकामा राहत नाहीं. कोणीतरी सद्भावनेनें, अंदाजानें, तो भरून टाकतो.

आमच्या घरांतून या सर्वांवर एक आक्षेप आहे, आणि तो म्हणीच्या रूपानें येतो. "धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत. फुकट मिळालेल्या वस्तूंत खोडी काढणं शोभत नाहीं, आणि त्यापायीं डोळे बिघडवून घेणं त्याहून शोभत नाहीं." दुसऱ्या भागाला आमच्याजवळ उत्तर नाहीं. पहिल्याला आहे. ज्यानें गाय दिली त्याला तिचे दांत दिसत नाहींत. ती आपल्या गोठ्यांत आपलाच चारा खाते. तेव्हां दांत मोजून त्याला आदरानें कळविणें हीच त्या दानाची परतफेड. डोनल्ड नूथ हे संगणकशास्त्रांतले थोर ग्रंथकार. आपल्या ग्रंथांतील प्रत्येक नवी चूक प्रथम दाखविणाऱ्यास ते दोन डॉलर छपन्न सेंटांचा चेक पाठवीत; आणि ज्यांना तो मिळे त्यांतले पुष्कळजण तो बँकेंत न देतां भिंतीवर चौकटींत लावीत. २००८ पासून चेकऐवजीं एका काल्पनिक बँकेचें प्रमाणपत्र मिळूं लागलें, तरी त्याची प्रतिष्ठा कमी झाली नाहीं. ग्रंथकार खुशीनें देतो आणि वाचक अभिमानानें घेतो, असा हा चुकीचा व्यवहार. अर्थात् कळविणाऱ्याची भाषाही तशीच पाहिजे. समोरचा मनुष्य आपली संध्याकाळ फुकट देत आहे. त्याच्याशीं ग्राहकाच्या ताठ्यानें बोलणें म्हणजे जेवणावळींत वाढप्याला बिल मागण्यासारखें आहे.

परंतु आमचें खरें उत्तर याहून गंभीर आहे. आमच्या वर्गांतील मुलें अलीकडे "दुसर्या" असें लिहितात, रफार देऊन. "पुर्या" लिहितात, "सार्या" लिहितात. प्रथम आम्हीं तें घाईचें लक्षण समजलों. मग एका हुशार मुलीला विचारलें, तेव्हां ती निरागसपणें म्हणाली, "सर, फोनवर तसंच उमटतं. हल्लीं तसंच लिहितात." तिच्या फोनवर तो आडवा र कोठें दडलेला आहे तें आम्हीं तिला दाखविलें, पण तिच्या उत्तरांतला दुसरा भाग आमच्या मनांतून जाईना. यंत्रांतला एक अडथळा, ज्याविषयीं कोणीं कोणास पत्र लिहिलें नाहीं, तो दहा वर्षांत भाषेचा नियम होऊं पाहत होता. यंत्र सुधारण्यापेक्षां हात सुधारून घेणें सोपें, म्हणून आम्ही मराठी लोक हात सुधारून घेतों, आणि मग कागदावरची आमची भाषा यंत्राला जेवढी झेपेल तेवढी उरते. याच्या उलट उदाहरणही आहे. ॲ या अक्षराला युनिकोडमध्यें २००८ पर्यंत स्वतंत्र क्रमांक नव्हता. अ काढून त्यावर चंद्र चढवावा लागे, आणि कितीएक यंत्रांवर तो चंद्र शेजारच्या ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. त्या वर्षीं क्रमांक मिळाला. असा क्रमांक आपोआप मिळत नसतो; कोणास तरी तो मागावा लागतो, आणि कां पाहिजे तें अनोळखी लोकांस समजेल अशा रीतीनें लिहून द्यावें लागतें.

हें लिहून देण्याची कला आमच्या वाचकांस नवी नाहीं. मासिकाच्या एखाद्या लेखांत वेलांटी चुकली, सन इकडचा तिकडे झाला, तर चार दिवसांच्या आंत संपादकांच्या टेबलावर पत्र येऊन पडतें. त्यांत पृष्ठ असतें, ओळ असते, अशुद्ध असतें आणि शुद्धही असतें. एवढी तयारी असतांना तीं पत्रें एकाच पत्त्यावर कां जावींत? फोनवर एखादें जोडाक्षर तुटलेलें दिसलें, शोधलेला शब्द सांपडला नाहीं, आपल्याच आडनांवाची यंत्रानें भलतीच फोड केली, तर नुसतें चुकचुकून पुढें न जातां, त्याच सवयीच्या हातानें चार ओळी लिहाव्या. पहिले तीन रकाने भरतांना कोणीही मदत करील. चौथा मात्र आपल्यालाच भरावा लागेल.